पाळणा, पाणी आणि पेटी : अकाली जन्मलेल्या अर्भकाच्या शय्येचा इतिहास
(नेरे, तालुका पनवेल या परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

वैद्यकाचा इतिहास बहुधा रोग, औषधे आणि थोर वैद्य यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. रुग्ण ज्यावर निजतो त्या शय्येकडे इतिहासकाराचे लक्ष क्वचितच जाते. अकाली जन्मलेल्या अर्भकाच्या बाबतीत मात्र शय्या ही गौण वस्तू नव्हे. पूर्ण दिवस भरण्यापूर्वी, म्हणजे गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले मूल गर्भजलाच्या आधारातून, उबेतून आणि हालचालीतून अचानक बाहेर पडते. आईच्या उदरात जे सहज मिळत होते ते आता बाहेरून पुरवावे लागते, आणि ते पुरवण्याचे पहिले साधन म्हणजे त्याची शय्या होय. त्यामुळे या शय्येचा इतिहास हा एका अर्थाने आईच्या शरीराला पर्याय शोधण्याचा इतिहास आहे.

प्रस्तुत निबंधात या इतिहासाचा मागोवा घेतला असून त्यात पाण्याने भरलेल्या गादीचा आणि मंद हालचालीच्या उपचाराचा विशेष विचार केला आहे. हा विचार नेरे या गावाच्या संदर्भात करण्यास कारण आहे. पनवेलच्या पूर्वेस, माथेरानच्या डोंगररांगेच्या बाजूला वसलेले नेरे महाराष्ट्राला प्रामुख्याने कुष्ठरोग निवारण समितीच्या शांतिवनामुळे परिचित आहे. गावाच्या एका अंगाला नवीन पनवेलची वाढती नागरी वस्ती असून त्याच तालुक्यात कामोठे येथे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. दुसऱ्या अंगाला गाढी नदीच्या खोऱ्यात, मालडुंगे-धोदाणीच्या दिशेने ठाकूर व कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. नवजात अतिदक्षता विभागातील काचेची पेटी आणि वाडीतील लुगड्याची झोळी यांमध्ये येथे केवळ काही किलोमीटरांचे अंतर आहे. पेटीतून निघालेल्या मुलाने घरी कशावर निजावे, हा प्रश्न त्यामुळे येथे केवळ अभ्यासाचा राहत नाही.

झोळी आणि पाळणा

मुलाला हलवून निजवण्याची प्रथा भारतीय समाजात फार जुनी आहे. बाराव्या दिवशी बारसे करून मुलाला पाळण्यात घालण्याचा संस्कार महाराष्ट्रात रूढ आहे आणि त्या निमित्ताने गायल्या जाणाऱ्या गीतप्रकारालाही 'पाळणा' हेच नाव मिळाले आहे. शेतावर, वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर कामाला जाणाऱ्या स्त्रीला लाकडी पाळणा परवडत नाही आणि बरोबर नेताही येत नाही. जुन्या लुगड्याची झोळी झाडाच्या फांदीला किंवा झोपडीच्या आढ्याला बांधली की तिचे काम भागते. झोळी मुलाला जमिनीवरील ओल, किडा-मुंगी आणि जनावरांपासून दूर ठेवते, अंगाभोवती कापड लपेटून त्याला आधार देते आणि हाताच्या एका झोक्याने शांत करते.

आयुर्वेदाच्या संहितांतही नवजात मुलाच्या शय्येचा विचार आढळतो. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बालकासाठी स्वतंत्र कुमारागार आणि मऊ, हलके, स्वच्छ अंथरूण सांगितले आहे. जन्मतः निपचित असलेल्या मुलाला सावध करण्यासाठी कानाजवळ दगडावर दगड आपटणे व मुखावर पाण्याचा शिडकावा करणे हे उपायही तेथे दिले आहेत. बाहेरून दिलेल्या संवेदनेने अर्भकाचा श्वास चालू होतो, हे निरीक्षण त्यामागे आहे. विसाव्या शतकातील संशोधकांनी हालचालीचा उपचार मांडला तेव्हा त्यांचे गृहीतकही याच स्वरूपाचे होते.

तरीही पारंपरिक ज्ञानाची मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, आठव्या महिन्यातले जगत नाही, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. वस्तुस्थिती याच्या उलट आहे, कारण गर्भाशयात जितके दिवस अधिक मिळतात तितकी जगण्याची शक्यता वाढते. अशा मुलाला तळहाताच्या फोडाप्रमाणे जपण्याची वृत्ती घरोघरी होती, परंतु त्याचा श्वास का थांबतो आणि अंग गार का पडते याचे शास्त्र उपलब्ध नव्हते.

पाण्याचा पहिला उपयोग : ऊब

युरोपातील वैद्यकाने अकाली जन्मलेल्या अर्भकासाठी पाण्याचा उपयोग प्रथम केला तो ऊब देण्यासाठी. १८५७ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथील डेन्यूसे यांनी दुहेरी भिंतींच्या टबाचे वर्णन प्रसिद्ध केले. दोन भिंतींमधील पोकळीत गरम पाणी भरावयाचे आणि आतील भागात मुलाला निजवावयाचे, अशी त्याची रचना होती. जर्मनीतील लायप्झिग येथे क्रेडे यांनीही अशाच प्रकारचे पाळणे वापरले.

पॅरिसच्या मॅटर्निटे प्रसूतिगृहात प्रसूतितज्ज्ञ स्टेफान टार्निए यांनी १८८० च्या सुमारास बसवलेली पेटी या प्रवासातील पुढचा टप्पा होय. प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवण्याचे यंत्र पाहून त्यांना ही कल्पना सुचली. पेटीच्या तळाशी गरम पाण्याचा साठा आणि वरच्या कप्प्यात अर्भके, अशी मांडणी होती. तिच्या वापरानंतर २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या मुलांचा मृत्यू ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आल्याची नोंद आहे. आज 'काचेची पेटी' या नावाने घरोघरी माहीत असलेले उपकरण याच परंपरेतून विकसित झाले. मात्र पेटीने ऊब दिली त्याचबरोबर मुलाला आईपासून वेगळेही केले. या दुसऱ्या परिणामाचा विचार होण्यास जवळजवळ एक शतक जावे लागले.

भार आणि हालचाल : जलशय्येचा उदय

पाण्याने भरलेल्या गादीचा उगम अर्भकांच्या उपचारात नाही. १८३२ मध्ये स्कॉटिश वैद्य नील अर्नॉट यांनी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या शय्याव्रणांवर उपाय म्हणून पाण्याची शय्या तयार केली. पाण्याच्या हौदावर रबर लावलेले कापड पसरून त्यावर रुग्णाला निजवले जाई. शरीराचा भार सर्वत्र सारखा विभागला गेल्यामुळे एकाच जागी दाब पडत नसे. आज औषधांच्या दुकानांतून भाड्याने मिळणारा 'वॉटर बेड' याच तत्त्वावर चालतो.

अकाली जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत भाराइतकाच हालचालीचा प्रश्न महत्त्वाचा ठरला. गर्भजलात तरंगणाऱ्या गर्भाला आईच्या चालण्या-फिरण्याचा आणि श्वासाचा झोका सतत मिळत असतो. अंतःकर्णातील तोल सांभाळणारी इंद्रिये गर्भावस्थेतच कार्य करू लागतात. काचेच्या पेटीतील सपाट, स्थिर गादीवर ही संवेदना पूर्णतः बंद होते. ती कृत्रिमरीत्या भरून काढता येईल काय, असा प्रश्न १९६० नंतर अमेरिकेतील काही संशोधकांनी विचारला. त्यांपैकी परिचारिका-संशोधक मेरी नील यांचा १९६८ मधील अभ्यास भारतीय वाचकाला विशेष ओळखीचा वाटेल. त्यांनी पेटीतच यंत्राने हलणारी झोळी बसवून अर्भकांना दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी ३० मिनिटे झोका दिला. वॉशिंग्टन विद्यापीठातील कॅथरिन बर्नार्ड यांनी हलणाऱ्या शय्येला हृदयस्पंदनाच्या ध्वनीची जोड दिली.

या संशोधनाला जलशय्येचे रूप दिले ते स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ॲनेलिझ कॉर्नर यांनी. त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा पहिला अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. २७ ते ३४ आठवड्यांत जन्मलेली २१ तुलनेने निरोगी अर्भके दोन गटांत विभागण्यात आली. एका गटातील मुलांना जन्मानंतर सहाव्या दिवसापूर्वी जलशय्येवर ठेवून तेथे सात दिवस निजवण्यात आले. या मुलांमध्ये श्वास थांबण्याचे प्रसंग लक्षणीय प्रमाणात कमी आढळले. १९७८ मध्ये श्वास थांबण्याचा त्रास असलेल्या आठ अर्भकांवरील अभ्यासातही, शय्या मंदपणे हलत असताना असे प्रसंग आणि त्यासोबत हृदयाची गती मंदावण्याचे प्रकार घटल्याचे दिसून आले.

या निष्कर्षांचे महत्त्व समजण्यासाठी 'श्वास थांबणे' म्हणजे काय हे पाहिले पाहिजे. अकाली जन्मलेल्या मुलाच्या मेंदूतील श्वसनाचे नियंत्रण अपरिपक्व असते. २० सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबला, किंवा त्याहून कमी काळ थांबूनही हृदयगती मंदावली अथवा त्वचा निळसर पडली, तर तो धोक्याचा इशारा मानला जातो. अशा वेळी परिचारिका मुलाच्या तळव्याला हलकेच टिचकी मारते आणि बहुतेकदा श्वास पुन्हा सुरू होतो. जी संवेदना परिचारिकेचा हात प्रसंगी देतो, ती शय्येने अखंड द्यावी, ही जलशय्येमागील कल्पना होती.

जलशय्या मागे का पडली

इतका आशादायक आरंभ होऊनही हलती जलशय्या नवजात विभागांची नित्याची वस्तू होऊ शकली नाही. यामागे तीन कारणे दिसतात.

पहिले कारण पुराव्याचे. मूळ अभ्यास अगदी लहान होते. हेंडरसन-स्मार्ट आणि ऑसबोर्न यांनी उपलब्ध चाचण्यांचा पद्धतशीर आढावा घेतला तेव्हा, हालचालीच्या उपचाराने श्वास थांबण्यास प्रतिबंध होतो असे म्हणण्याइतका आधार त्यांना मिळाला नाही.

दुसरे कारण औषधांचे. १९७३ पासून ॲमिनोफायलिन आणि १९७७ पासून कॅफीन या औषधांचा या विकारावरील परिणाम प्रसिद्ध होऊ लागला. पुढे २००६ अर्भकांवरील मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २००६ व २००७ मध्ये प्रकाशित झाले आणि कॅफीनची उपयुक्तता दीर्घकालीन विकासाच्या दृष्टीनेही सिद्ध झाली. चहा-कॉफीतील एक घटक जे कार्य खात्रीने करतो, त्यासाठी पाण्याची यंत्रचलित गादी सांभाळण्याची निकड उरली नाही.

तिसरे कारण सुरक्षिततेचे. झोपेत अर्भकाचा अकस्मात मृत्यू होण्याच्या घटनांचा अभ्यास १९९० च्या दशकात पुढे गेला. मुलाला पालथे निजवणे व मऊ पृष्ठभागावर निजवणे धोक्याचे आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. २००० मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने असुरक्षित पृष्ठभागांमध्ये जलशय्येचाही समावेश केला. रुग्णालयात यंत्रांच्या पहाऱ्याखाली वापरलेली गादी आणि घरी वापरलेली गादी यांत मूलभूत फरक आहे, हा धडा येथे मिळतो.

पाण्याच्या गादीचा एक उपयोग मात्र टिकून राहिला, आणि तो पुन्हा उबेचाच होता. १९८९ मध्ये सरमान, जान व ट्यूनेल यांनी तापवलेल्या पाण्याच्या गादीवर अकाली जन्मलेल्या मुलांना ऊब देण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो तुर्कस्तानातील इस्तंबूल येथे झाला होता. पेट्यांची टंचाई असलेल्या ठिकाणी हा स्वस्त पर्याय ठरू शकतो, असे त्यातून पुढे आले. पुढे २००७ मध्ये स्टॅनफर्डच्याच विद्यार्थ्यांनी 'एम्ब्रेस' या उबदार पिशवीची कल्पना मांडली आणि तिचा विकास बंगळुरूला राहून केला. या पिशवीतील मेणासारखा पदार्थ वितळून घट्ट होताना शरीराच्या तापमानाइतकी ऊब काही तास देतो. दीड शतकाच्या प्रवासानंतर द्रवाने भरलेली शय्या अशा रीतीने आपल्या मूळ कार्याकडे परतली.

महाराष्ट्राची वाट

याच काळात महाराष्ट्रातील नवजात संगोपनाने वेगळी दिशा घेतली. येथील डॉक्टरांसमोर हालचालीचा प्रश्न दुय्यम होता. गारठा, जंतुसंसर्ग आणि अपुरे पोषण या तीन कारणांनी मुले दगावत होती, आणि पेट्या, परिचारिका व खाटा नेहमीच अपुऱ्या होत्या. या मर्यादेतूनच तीन महत्त्वाचे प्रयोग उभे राहिले.

मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू झाली. ती आशियातील पहिली मानली जाते. ज्या मातांना दूध कमी येते किंवा ज्या स्वतः आजारी असतात, त्यांच्या मुलांना इतर मातांचे निर्जंतुक केलेले दूध मिळण्याची सोय झाली.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. गावातीलच स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. मुलाचे वजन करणे, त्याला उबदार झोपपिशवीत ठेवणे, स्तनपानास मदत करणे, श्वास न घेणाऱ्या मुलाला कृत्रिम श्वास देणे आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविके देणे ही कामे त्या करीत. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर नियंत्रण गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटला. अकाली जन्मलेल्या मुलांमधील मृत्यूचे प्रमाण ३३.३ टक्क्यांवरून १०.२ टक्क्यांवर आल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. या मुलांजवळ ना काचेची पेटी होती, ना जलशय्या. त्यांच्याजवळ होती ती कापडी पिशवी, आई आणि पुन्हा पुन्हा दार ठोठावणारी एक शिकलेली शेजारीण.

तिसरा प्रयोग मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे एडगर रे यांनी १९७८ मध्ये, पेट्या अपुऱ्या पडल्यामुळे, मुलाला आईच्या उघड्या छातीवर उभे बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली होती. 'कांगारू मदर केअर' या नावाने ती जगभर पोहोचली. के. ई. एम. मधील सुमन राव, उदानी व नानावटी यांनी २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या २०६ अर्भकांवर या पद्धतीची चाचणी घेतली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आईच्या छातीवर ठेवलेल्या मुलांचे वजन दिवसाला सरासरी सुमारे २४ ग्रॅमने वाढले, तर नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्या मुलांचे सुमारे १५.६ ग्रॅमने. अंग गार पडण्याचे प्रमाणही पहिल्या गटात कमी होते.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि भारतासह पाच देशांत झालेल्या चाचणीने या पद्धतीला भक्कम आधार दिला. जन्मानंतर लगेच आईच्या छातीवर ठेवलेल्या कमी वजनाच्या मुलांमध्ये २८ दिवसांतील मृत्यू १२.० टक्के होते, तर प्रकृती स्थिर होईपर्यंत थांबलेल्या गटात ते १५.७ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अकाली जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या सर्व मुलांसाठी, शक्य तितक्या लवकर आणि दिवसातून ८ ते २४ तास ही पद्धत वापरण्याची शिफारस केली.

येथे या इतिहासातील वर्तुळ पूर्ण होते. आईची छाती श्वासागणिक हलते, तिचे हृदयस्पंदन मुलाला ऐकू येते, तिच्या त्वचेची ऊब त्याला मिळते आणि दूधही हाताशी असते. डेन्यूसे यांच्या टबाने ऊब, नील व कॉर्नर यांच्या शय्यांनी हालचाल आणि बर्नार्ड यांच्या उपकरणाने ध्वनी असे एकेक कार्य वेगळे काढून यंत्राकडे सोपवले होते. ही सर्व कार्ये एकाच ठिकाणी आधीपासून उपलब्ध होती. अर्थात, अतिशय अपक्व मुलाला पेटी, प्राणवायू आणि औषधे लागतातच, आणि त्यांचे मोल या निष्कर्षाने कमी होत नाही.

नेरे परिसरासाठी या इतिहासाचा अर्थ

नेरे परिसरातील वाडीवर रुग्णालयातून परतलेल्या दीड-दोन किलो वजनाच्या मुलाचा विचार केला असता झोळीविषयी दोन टोकाच्या भूमिका संभवतात. झोळी म्हणजे मागासलेपण, असे एक मत. पाश्चात्त्यांनी प्रयोगशाळेत शोधले ते आपल्याकडे पूर्वापार होते, हे दुसरे मत. इतिहास या दोन्ही मतांना दुजोरा देत नाही.

झोक्याने मूल शांत होते ही लोकांची जाण खरी आहे, आणि संशोधकांनीही ती गांभीर्याने घेतली होती. परंतु झोळीचा तळ गोलाकार असतो. पूर्ण दिवसांच्या सुदृढ मुलाला जे चालते ते अपुऱ्या दिवसांच्या मुलाला चालेलच असे नाही. त्याच्या मानेत बळ नसते. हनुवटी छातीला टेकली तर श्वासनलिका दबते आणि खोल झोळीत हे आईच्या नजरेसही येत नाही. मेरी नील यांच्या झोळीभोवती परिचारिकांचा अखंड पहारा होता, तसा पहारा कामावर गेलेल्या आईच्या झोळीभोवती नसतो. म्हणून अशा मुलाला झोपवताना सपाट, घट्ट अंथरुणावर उताणे ठेवणे आणि जागेपणीचा जास्तीत जास्त वेळ आईच्या किंवा घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या छातीशी बांधणे, हाच आजच्या ज्ञानाशी सुसंगत मार्ग ठरतो. झोळीचे लुगडे यासाठी निरुपयोगी नाही. तेच लुगडे मुलाला छातीशी बांधण्याच्या कामी येऊ शकते.

२००५ पासून आशा स्वयंसेविका आणि २०११ पासून घरोघरी नवजात बालसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम अस्तित्वात आहे. रुग्णालयात प्रसूती झालेल्या मातेच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी अपेक्षित आहेत. गडचिरोलीच्या प्रयोगाचा वारसा या कार्यक्रमात स्पष्ट दिसतो. परंतु मुलाला छातीशी बांधून बसण्यासाठी आईला वेळ हवा. हंगामात वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी स्त्रीला तो कोण देणार, हा प्रश्न वैद्यकाच्या कक्षेबाहेरचा, मजुरीचा आणि प्रसूतिकाळातील विश्रांतीच्या हक्काचा आहे. बोगोटातील पद्धत स्वस्त म्हटली जाते. प्रत्यक्षात तिची किंमत आई आपल्या दिवसांतून चुकवत असते.

समारोप

अकाली जन्मलेल्या अर्भकाच्या शय्येचा इतिहास हा उपकरणांच्या विजयाचा किंवा पराभवाचा इतिहास नाही. प्रत्येक उपकरणाने आईच्या शरीराचे एखादे कार्य ओळखले आणि त्याचे अनुकरण केले. जलशय्या आज फारशी वापरात नसली तरी, अर्भकाला ऊब व अन्न यांबरोबर स्पर्श आणि हालचालही लागते, ही जाणीव वैद्यकाला करून देण्यात तिचा वाटा आहे. महाराष्ट्रातील डॉक्टरांनी आणि गावोगावच्या आरोग्यदूतांनी या जाणिवेला साधनांच्या टंचाईतही व्यवहार्य रूप दिले.

नेऱ्याच्या एका बाजूला पेट्या वाढत आहेत, आणि ते आवश्यकच आहे. दुसऱ्या बाजूच्या वाड्यांत मात्र मुलाची खरी शय्या त्याची आईच आहे. ती शय्या उपलब्ध राहावी यासाठी आईला अन्न, विश्रांती आणि मजुरीची भरपाई मिळणे हा उपचाराचाच भाग मानला गेला, तरच या दीर्घ इतिहासाने दिलेले ज्ञान वाडीपर्यंत पोहोचले असे म्हणता येईल.